आधी अंदाज, मग यंत्र : शालेय गणिताविषयी वाचकांचे प्रश्न

इयत्ता सहावी ते आठवीच्या गणितात कॅल्क्युलेटर, संगणकावरील स्प्रेडशीट आणि हाताने हाताळण्याचे साहित्य यांचा वापर कसा करावा, याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत शिकते. घरचा अभ्यास करताना ती साध्या गुणाकारासाठीही मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडते. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) आजही तोंडपाठ आहेत आणि नातीला सात आठे किती हे सांगता येत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटते. घरात कॅल्क्युलेटर पूर्णपणे बंद करावा काय? (एक पालक, सांगली)

उत्तर : पूर्णपणे बंद करू नये आणि पूर्णपणे मोकळाही सोडू नये. आपल्या वडिलांची खंत मला समजते, कारण पाठ असलेल्या पाढ्यांमुळे आकड्यांशी जी सलगी होते ती दुसऱ्या कशाने होत नाही. मात्र पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी ज्या व्यवहारासाठी घोकून घेतली जात असे, तो व्यवहार शेर-पायलीचा आणि आणे-पैचा होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि या पाढ्यांची रोजची गरज हळूहळू ओसरली. दहापर्यंतच्या पाढ्यांची गरज मात्र कधीच ओसरणार नाही, आणि त्याचे कारण कॅल्क्युलेटरच आहे. ज्या मुलीला चार दुणे आठ चटकन आठवते, तिलाच ३९८ गुणिले २१ म्हणजे ४०० गुणिले २०, अर्थात ८,००० च्या आसपास, असे मनात मांडता येते. मग यंत्राने ८,३५८ दाखवले की ती निश्चिंत होते आणि घाईत २१ ऐवजी १२ दाबले जाऊन ४,७७६ आले की ती थबकते. पाढे न येणारी मुलगी दोन्ही उत्तरे सारख्याच विश्वासाने वहीत उतरवते. मला काळजी वाटते ती या विश्वासाची, यंत्राची नव्हे.

म्हणून घरात एकच नियम करावा. कळ दाबण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत पेनने लिहायचा आणि नंतर तो खोडायचा नाही. वहीच्या पानावर अंदाज, यंत्राचे उत्तर आणि दोहोंत मोठा फरक पडला असल्यास त्याचे कारण, असे तीन रकाने आखून द्यावेत. सुरुवातीला मुलगी कुरकुर करील, पण महिनाभर नेमाने केल्यास आपला अंदाज किती जवळ आला हे पाहण्याची तिला गोडी लागते, असा माझा अनुभव आहे. सात आठेसारखा गुणाकार समोर आला की यंत्र बाजूला ठेवायचे, हेही तिच्याशी बोलून ठरवावे. ते तिच्यावर लादू नये, कारण कोणते उदाहरण तोंडी करायचे, कोणते कागदावर आणि कोणते यंत्रावर, हा निवाडा तिला स्वतःला करता यावा हाच या वयातील खरा अभ्यास आहे.

यंत्र ज्याचे उत्तर देऊ शकत नाही असे प्रश्नही तिला आवर्जून विचारावेत. १३५ भागिले ४२ केल्यावर कॅल्क्युलेटर ३.२१४२८५७ दाखवतो. सहलीला १३५ मुले असतील आणि एका बसमध्ये ४२ मुले बसत असतील, तर ४ बस लागतात. जवळ १३५ रुपये असतील आणि एक वही ४२ रुपयांना असेल, तर ३ वह्या येतात. १३५ रुपये ४२ जणांत वाटायचे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३ रुपये २१ पैसे येतात. भागाकार एकच असला तरी उत्तरे तीन आहेत आणि ती तिन्ही माणसालाच द्यावी लागतात.

कॅल्क्युलेटरमुळे हिशोबाची सवय मोडते काय, याचा अभ्यास अमेरिकेत बराच झाला आहे. रे हेम्ब्री आणि डोनाल्ड डेसार्ट यांनी १९८६ साली अशा ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गातील नेहमीच्या शिकवण्याला जोड म्हणून कॅल्क्युलेटर वापरला तर सर्वसाधारण विद्यार्थ्यांचे कागद-पेन्सिलीचे कौशल्य घटत नाही, उलट शाब्दिक उदाहरणे सोडवण्याची क्षमता सुधारते, असे त्यांना आढळले. याला त्यांनी एक अपवाद नोंदवला आहे : चौथीच्या वर्गात सातत्याने केलेला वापर मूलभूत क्रियांच्या आड येतो असे दिसले. हा अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. क्रिया अजून हातात बसलेल्या नसताना यंत्र आले तर ते त्यांची जागा घेते. त्या बसल्यानंतर आले तर त्यांना पुढे नेते. आपली मुलगी सातवीत असली तरी तिचे पाढे डळमळीत असतील, तर रोज दहा मिनिटे तोंडी पाढ्यांना द्यावीत, आणि ते काम आजोबांकडे सोपवावे.

याखेरीज आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कॅल्क्युलेटरचेच खेळ खेळता येतील. ८ ची कळ मोडली आहे असे समजून ४८ गुणिले ६ काढायला सांगावे. कोणी ५० गुणिले ६ करून त्यातून १२ वजा करील, कोणी ४७ गुणिले ६ मध्ये ६ मिळवील, आणि वितरणाचा नियम नाव न घेता हाती येईल. किंवा २३ ला कितीने गुणले असता उत्तर १०० आणि १०१ यांच्या मध्ये येईल, हे केवळ अंदाज करून शोधायला सांगावे. चार, साडेचार, ४.३ असे करीत मूल ४.३७ च्या आसपास पोहोचते, तेव्हा दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक अंक काय काम करतो हे त्याला जितके स्पष्ट दिसते, तितके मी फळ्यावर कधीच दाखवू शकलेलो नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणले की ०.९९९९९९९ येते, पण बाबांच्या मोबाइलवर १ येतो. तसेच २ + ३ × ४ चे उत्तर दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर २० येते आणि मोबाइलवर १४. यातला कोणता बिघडला आहे? (एक विद्यार्थिनी, निफाड तालुका)

उत्तर : कोणताही बिघडलेला नाही. तू दोन यंत्रांची उत्तरे ताडून पाहिलीस, याचे मला फार कौतुक वाटते.

दुसरा भाग आधी पाहू. दुकानातील साधा कॅल्क्युलेटर तू जसजशा कळा दाबतेस तसतशी क्रिया उरकत जातो. २ + ३ झाल्यावर तू गुणाकाराची कळ दाबलीस की तो ५ करून मोकळा होतो आणि मग त्याला ४ ने गुणतो. मोबाइल मात्र संपूर्ण राशी वाचतो आणि पदावलीच्या नियमाप्रमाणे गुणाकार आधी करतो. गणिताचे उत्तर १४ हेच आहे. साध्या यंत्रावर ते हवे असेल तर ३ × ४ आधी दाबून नंतर २ मिळवायचे, म्हणजे क्रियांचा क्रम तू स्वतः सांभाळायचा. शेकड्याच्या कळीचेही असेच आहे. ती वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळी वागते, म्हणून नव्या यंत्रावर ती वापरण्याआधी २०० चे १० टक्के काढून पाहायचे आणि २० येतात की नाही याची खात्री करून घ्यायची.

पहिल्या भागाचे कारण जागेत दडलेले आहे. एक तृतीयांश दशांशात लिहिताना ३ हा अंक कधीच संपत नाही, पण आठ अंकांच्या पडद्यावर ०.३३३३३३३ एवढेच मावते. यंत्र पुढचा भाग सोडून देते आणि उरलेल्याला ३ ने गुणते. मोबाइल पडद्यामागे बरेच जास्त अंक जपून ठेवतो, त्यामुळे त्याची चूक आपल्याला दिसत नाही. २ चे वर्गमूळ काढून त्याचा वर्ग करून बघ. दुकानातल्या यंत्रावर १.४१४२१३५ येईल आणि त्याचा वर्ग १.९९९९९९८ येईल. तुझ्या पुस्तकातल्या अपरिमेय संख्या अशा रीतीने पडद्याच्या कडेवर येऊन थांबतात.

आता तुझ्यासाठी एक काम सुचवतो. १ भागिले १७ चे आवर्ती दशांश रूप आठ अंकांच्या पडद्यावर मावत नाही, पण ते त्याच यंत्राकडून तुकड्या-तुकड्याने काढून घेता येते. आधी ०.०५८८२३५ येईल. त्यातले पहिले सहा अंक, म्हणजे ०५८८२३, वहीत लिही. ०.०५८८२३ ला १७ ने गुण; ०.९९९९९१ येईल, म्हणजे १ पुरा व्हायला ९ दशलक्षांश कमी पडले. ती ९ ही बाकी समज आणि ९ भागिले १७ कर, ०.५२९४११७ येईल, त्यातले ५२९४११ पुढे लिही. ०.५२९४११ गुणिले १७ म्हणजे ८.९९९९८७, बाकी १३. १३ भागिले १७ म्हणजे ०.७६४७०५८. हे तुकडे जोडलेस की सोळा अंकांनंतर पुन्हा ०५ सुरू झालेले तुला दिसेल. असे व्हावेच लागते, कारण १७ ने भागताना बाकी १ ते १६ एवढीच असू शकते आणि एकदा आलेली बाकी पुन्हा आली की अंकही त्याच क्रमाने पुन्हा येतात. यंत्राने भागाकार केले, पण बाकी तू ओळखलीस, आणि यातले गणित त्या ओळखण्यात आहे.

तू नाशिक जिल्ह्यातली आहेस, म्हणून आणखी एक सांगतो. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमत जगापुढे ठेवली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथे पोहोचते. मात्र मधल्या उत्तरात तीनच अंक उरले, तर पुढे शून्य घेऊन ते चार करायला विसरू नकोस. वर्गातल्या प्रत्येक मुलीने पाच संख्या घेतल्या तर एका तासात शे-दोनशे संख्या तपासून होतात. तीन अंकी संख्या कोठे पोहोचतात, हे तू मला कळव.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवतो. शाळेत एक लॅपटॉप आणि एक मोठा टीव्ही आहे. मुले ४० आहेत. स्प्रेडशीटचा गणितात उपयोग करण्याची इच्छा आहे, पण एका यंत्रावर ते कसे जमावे? (एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : एक यंत्र पुरेसे आहे, आणि सुरुवातीला तर मला ते चाळीस यंत्रांपेक्षा बरे वाटते, कारण एकाच पडद्याकडे पाहताना मुलांना एकमेकांशी बोलावे लागते. आपल्या पाठ्यपुस्तकातील चक्रवाढ व्याजाचे प्रकरण यासाठी घ्यावे. लिब्रे ऑफिसमधील कॅल्क विनामूल्य मिळते आणि या कामाला पुरते.

पहिल्या तासाला यंत्र उघडूच नये. १०,००० रुपये, दर साल दर शेकडा ८, मुदत ३ वर्षे, एवढे उदाहरण मुलांनी वहीत हाताने करावे : १०,८००, मग ११,६६४, मग १२,५९७ रुपये १२ पैसे. प्रत्येक ओळीला आपण वरच्या ओळीचेच १.०८ पट करीत आहोत, हे कोणीतरी बोलून दाखवीपर्यंत थांबावे. हे वाक्य मुलांच्या तोंडून आले की तेच स्प्रेडशीटचे सूत्र होते. मग दुसऱ्या तासाला एका मुलाला लॅपटॉपपाशी बसवावे आणि वर्गाने त्याला तोंडी सांगावे : बी २ या घरात मुद्दल, डी १ या घरात दर, ८% असा, आणि बी ३ मध्ये बी २ गुणिले, कंसात, १ अधिक डी १. सूत्र खाली ओढल्यावर दराचे घरही खाली सरकते आणि उत्तरे भलतीच येतात. ही चूक आपण आधी टाळू नये, ती होऊ द्यावी. डी १ ला डॉलरचे चिन्ह लावून जागेवर खिळवावे लागते, हे मुलांना तेव्हाच पटते. बदलणारी राशी कोणती आणि स्थिर राशी कोणती, हा बीजगणितातला भेद येथे डोळ्यांनी दिसतो.

आता वर्गाला विचारावे की ही रक्कम दुप्पट केव्हा होईल. सर्वांनी आधी अंदाज लिहावा. सरळ व्याजाने साडेबारा वर्षे लागतात, हे बरीच मुले काढतील. चक्रवाढीच्या रकान्यात नवव्या वर्षी १९,९९० रुपये ५ पैसे दिसतात. दहाच रुपये कमी आहेत, तर याला दुप्पट म्हणावे की नाही, यावर वाद होऊ द्यावा. मग फक्त डी १ मधला दर बदलावा. दर ६ केला तर १२ वर्षे, १२ केला तर सुमारे ६ वर्षे. दर आणि वर्षे यांचा गुणाकार ७२ च्या जवळपास राहतो, हे मुलांनीच हेरावे; आपण सांगू नये. हा नियम व्याजाचा दर फार वाढला की ढिला पडतो, हेही त्यांनी पाहावे, कारण दर ३६ केल्यास २ वर्षांत रक्कम १८,४९६ पर्यंतच जाते.

यानंतर मी नेहमी एक प्रश्न विचारतो आणि तो विचारताना वर्ग शांत होतो. गावात कोणी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे घेतले आणि मधे काहीच फेडले नाही, तर काय होईल? मुले तीन गुणिले बारा म्हणजे ३६ टक्के असे सांगतात. व्याजावर व्याज धरले तर वर्षाअखेर १०,००० चे १४,२५८ होतात, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के, आणि चोविसाव्या महिन्यात रक्कम दुपटीपलीकडे जाते. ज्या घरांनी हे सोसले आहे त्या घरांतली मुले आपल्या वर्गात असू शकतात, म्हणून कोणाच्याही घरचे उदाहरण मागू नये. पण हा तक्ता प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. माझ्या एका वर्गात आम्ही तीस मुलांची वजने भरून सरासरी काढली. प्रत्यक्ष सरासरी ४० किलो होती, पण खालची बेरजेची ओळही सूत्रात धरली गेली आणि पडद्यावर सुमारे ७७.४ किलो आले. बहुतेक मुलांनी ते वहीत लिहूनही घेतले. वर्गातील सर्वांत वजनदार मुलापेक्षा सरासरी जास्त कशी असेल, हे विचारायला आम्ही कोणीच थांबलो नव्हतो. तेव्हापासून स्प्रेडशीटच्या तासालाही अंदाजाचा रकाना मी सोडत नाही. तसेच कंसाशिवाय =-३^२ असे टाइप केले तर एक्सेल आणि कॅल्क दोन्ही ९ दाखवतात, तर पुस्तकातील संकेताप्रमाणे उत्तर उणे ९ आहे. विस्तार सूत्रे तपासताना हा फरक मुलांना गोंधळात टाकतो, म्हणून कंस घालण्याची सवय आधीच लावावी.

प्रश्न : मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. पुठ्ठ्याचे तुकडे, बटणे, काड्या असे साहित्य मी स्वतः बनवून वर्गात नेते. पण हे पहिली-दुसरीचे साहित्य आहे, त्यात वेळ जातो, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे आणि काही मुलेही 'हा लहानांचा खेळ आहे' म्हणतात. मी हे थांबवावे काय? (एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : थांबवू नका. मात्र या वयात साहित्य कशासाठी आणायचे, हे बदलते. लहान वर्गात ते मोजण्यासाठी असते. येथे ते नियमाचे कारण दाखवण्यासाठी असावे. ज्या तासाला साहित्यातून कारण बाहेर येत नाही, त्या तासाला वरिष्ठांची तक्रार रास्त आहे असेच मी म्हणेन.

उणे ३ मधून उणे ५ वजा केले की २ का उरतात? लाल बटण म्हणजे अधिक एक, काळे म्हणजे उणे एक, आणि एक लाल व एक काळे मिळून शून्य, असे ठरवावे. टेबलावर तीन काळी बटणे आहेत आणि पाच काळी काढून घ्यायची आहेत. दोन कमी पडतात. मग लाल-काळ्याच्या दोन जोड्या आणून ठेवाव्यात. शून्यच ठेवले असल्याने किंमत बदलत नाही. आता पाच काळी उचलली की दोन लाल उरतात. 'वजा वजा अधिक' हे घोकलेले वाक्य येथे पहिल्यांदा खरे वाटते.

आठवीत अवयव शिकवताना पुठ्ठ्याचा एक मोठा चौरस क्ष वर्ग समजावा, त्याच्याच लांबीच्या एक एकक रुंद पट्ट्या क्ष समजाव्यात, आणि लहान चौरस एकक समजावेत. क्ष वर्ग अधिक ५ क्ष अधिक ६ एवढे तुकडे देऊन त्यांचा एक सलग आयत लावायला सांगावे. पट्ट्या चौरसाच्या दोन बाजूंना वाटून लावाव्या लागतात आणि कोपऱ्यात जी रिकामी जागा राहते ती नेमक्या सहा एककांनी भरावी लागते. पट्ट्या एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक लावल्या तर कोपऱ्यात चारच एकके मावतात आणि दोन उरतात. तीन आणि दोन लावल्या की कोपरा पुरता भरतो. ज्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६ अशा संख्या शोधा, या सूचनेचे कारण मुलाच्या बोटांना कळलेले असते. मोठ्या चौरसाची बाजू लहान चौरसाच्या पूर्ण पटीत ठेवू नये, एवढी काळजी घ्यावी, नाहीतर मुले पट्टी मोजून क्षची किंमत काढतात. क्ष वर्ग वजा ५ क्ष अधिक ६ आले की हे साहित्य तोकडे पडते, कारण क्षेत्रफळ उणे होत नाही. तेथे ते निमूटपणे कपाटात ठेवावे आणि चिन्हांनी पुढे जावे.

काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांची जोडणी अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून घरोघर पोहोचवली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौरस मात्र लगेच कलून समभुज चौकोन होतो. तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, ही बाबाबा कसोटी यापेक्षा थोडक्यात सांगता येत नाही. शाळेत जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढण्याची संगणकप्रणाली) असल्यास ते यानंतर आणावे. पुठ्ठ्याच्या त्रिकोणाच्या मध्यगा घडी घालून काढाव्यात, मध्यगासंपातावर, म्हणजे त्या जेथे मिळतात त्या बिंदूवर, तो पेन्सिलीच्या टोकावर तोलून पाहावा, आणि मग पडद्यावर शिरोबिंदू ओढत जावे. त्रिकोण विशालकोन झाला की शिरोलंबसंपात, म्हणजे शिरोलंब मिळतात तो बिंदू, बाहेर निघून जातो, पण मध्यगासंपात आतच राहतो. असे हजार त्रिकोण पुठ्ठ्याचे कापता येणार नाहीत, आणि पुठ्ठा न कापता नुसता पडदा पाहिला तर तोलण्याचा अर्थ कळणार नाही.

वरिष्ठांना शब्दांनी पटवण्यापेक्षा एकदा वर्गात बसण्याची विनंती करावी. तासाची शेवटची दहा मिनिटे मुलांनी तुकड्यांचे चित्र वहीत काढून शेजारी समीकरण लिहावे, हे आपण कटाक्षाने पाळले तर वेळ वाया गेला असे कोणाला म्हणता येणार नाही.

प्रश्न : दहावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, मग तो सातवीत शिकवून काय उपयोग? (एक पालक, पनवेल)

उत्तर : राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या परीक्षेत तो सर्वसाधारणपणे चालत नाही, हे खरे आहे, म्हणून हाताने आकडेमोड करण्याचा सराव सोडता येणार नाही. पण अंदाज बांधणे, उत्तर तपासणे आणि कोणती क्रिया करायची हे ठरवणे परीक्षेतही लागते, आणि यंत्राच्या जोडीने तेच शिकवायचे आहे. अध्ययन अक्षमता किंवा अन्य विशेष गरजा असलेल्या मुलांना मंडळाच्या नियमांनुसार सवलती मिळू शकतात. त्यासाठी शाळेमार्फत प्रमाणपत्रांसह वेळेवर अर्ज करावा, दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : वस्तू, कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट ही तिन्ही साधने एकत्र येतील असा सातवी-आठवीसाठी एक उपक्रम सुचवावा. (एक शिक्षिका, फोंडा, गोवा)

उत्तर : वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर मुलांनी स्वतः काढावे. बांगडी, ताट, बादलीचे तोंड आणि सायकलचे चाक अशा लहान-मोठ्या वस्तू घ्याव्यात. परीघ मोजायला दोरा नको, कारण तो ताणला जातो. कागदाची अरुंद पट्टी घ्यावी. चाकाच्या बाबतीत टायरवर खडूची खूण करून चाक जमिनीवर पाच फेरे चालवावे आणि आलेल्या लांबीला ५ ने भागावे. मुलांनी कॅल्क्युलेटरवर भागाकार करून उत्तरे स्प्रेडशीटमध्ये भरावीत.

बांगडीची उत्तरे विखुरलेली आणि चाकाची एकमेकांजवळ आलेली दिसतील. असे का होते, हे या उपक्रमाचे मर्म आहे. ६ सेंटिमीटर व्यासात एक मिलिमीटरची चूक झाली तर गुणोत्तर ३.०९ पासून ३.१९ पर्यंत हलते. ६६ सेंटिमीटरच्या चाकात तेवढीच चूक झाली तर फरक तिसऱ्या दशांश स्थळावर जातो. हे मुलांना समजले की कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे सातही दशांश उतरवून घेण्यात अर्थ नाही, हे सांगावे लागत नाही.

नंतर त्यांना भास्कराचार्यांची दोन गुणोत्तरे द्यावीत. लीलावतीत, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, त्यांनी सूक्ष्म कामासाठी ३९२७ भागिले १२५० आणि स्थूल कामासाठी २२ भागिले ७ सांगितले आहे. कॅल्क्युलेटरवर पहिले ३.१४१६ येते आणि दुसरे ३.१४२८५७१. शंभर मीटर व्यासाच्या मैदानाला कुंपण घालताना दुसऱ्याने सुमारे १२.६ सेंटिमीटरची चूक होते, तर पहिल्याने एक मिलिमीटरचीही होत नाही. आपली पट्टी एक मिलिमीटरच दाखवत असेल तर बांगडीसाठी कोणते गुणोत्तर पुरेसे आहे आणि मैदानासाठी कोणते, हे मुलांनी ठरवावे आणि कारणासह वहीत लिहावे. त्या वह्या आपण पाठवल्यात तर त्यांतील निवडक नोंदी पुढील अंकात येथे छापीन.